पार्श्वभूमी : पिल्लाला पार्व्होचे इतके डोस कशासाठी?

पिल्लू घरी आलं की पाठोपाठ लसीचं कार्डही येतं. त्यावर पार्व्होचा, म्हणजे कुत्र्यांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूचा, रकाना एकदा नाही, तीन-चारदा भरायचा असतो. एकच आजार, एकच लस, मग इतक्या फेऱ्या कशाला, ही शंका बहुतेकांना इथेच येते. दवाखान्याचा धंदा, असाही अर्थ काहीजण काढतात आणि दुसऱ्या डोसनंतर पाठ फिरवतात. नेमकी तीच पिल्लं पुढे रक्ताच्या जुलाबाने आडवी होतात आणि ‘लस देऊनही झालं’ असं बोललं जातं. ही तक्रार नवी नाही. आजचं वेळापत्रक या तक्रारीचा छडा लावतानाच घडत गेलं.

पिल्लांची पोटं पूर्वीही बिघडायची. जंत, अचानक बदललेलं खाणं, कुठेतरी तोंड घातलेली घाण ही कारणं कायमचीच. संसर्गजन्य आजारांत दरारा होता डिस्टेंपरचा. तो विषाणूमुळे होतो हे आंरी कारे यांनी १९०५ मध्ये फ्रान्समध्ये दाखवलं आणि १९२० च्या दशकात लेडलॉ आणि डंकिन यांनी ब्रिटनमध्ये त्यावर लस तयार केली. १९७१ मध्ये जर्मनीतल्या लष्करी कुत्र्यांना जुलाब झाले आणि त्यातून कुत्र्यांचा कोरोनाविषाणू सापडला. त्याने होणारा आजार सहसा सौम्य असतो. त्याची लसही पुढे बाजारात आली, पण जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये तिची शिफारस नाही, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. पिल्लं मारणारा खरा आजार, पार्व्हो, अजून यायचाच होता.

मात्र त्याचा नातेवाईक आधीपासून हजर होता. मांजरांचा पॅनल्युकोपेनिया, म्हणजे जुलाब आणि पांढऱ्या पेशींची धूळधाण, विषाणूमुळे होतो हे १९२० च्या दशकातच कळलं होतं. १९४७ मध्ये कॅनडात, फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यात तशाच विषाणूची साथ आली. कुत्री तोवर सुरक्षित होती, कारण त्यांच्या पेशींत शिरणं या विषाणूला जमत नव्हतं. पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. विषाणू त्यालाच चिकटून आत शिरतो. कुत्र्यांमधलं हे प्रथिन थोडं वेगळं आहे. १९७० च्या दशकात केव्हातरी विषाणूच्या कवचात मोजके बदल झाले आणि कुत्र्याचं दार उघडलं. युरोपात साठवून ठेवलेले रक्ताचे जुने नमुने नंतर तपासले, तेव्हा त्या दशकाच्या मध्यापासूनच काही कुत्र्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी रक्तातली प्रथिनं, आढळली. म्हणजे तो काही वर्षं गुपचूप फिरत होता.

१९७८ मध्ये गुपित फुटलं. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, सगळीकडून एकच वर्णन येऊ लागलं: मलूल कुत्रं, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, रक्तमिश्रित आणि विशिष्ट दुर्गंधीचे जुलाब. फक्त पिल्लंच नाही, धडधाकट मोठी कुत्रीही त्यात होती, कारण जगातल्या जवळजवळ एकाही कुत्र्याकडे या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. काही ठिकाणी चित्र त्याहून विचित्र होतं. तीन ते आठ आठवड्यांची, वरवर ठणठणीत पिल्लं खेळता खेळता कोसळून मरत होती. जुलाब नाहीत, ताप नाही. शवविच्छेदनात दोष निघाला हृदयाच्या स्नायूत.

या दोन्ही रूपांमागचं कारण एकच. हा विषाणू इतका लहान आणि त्याची सामग्री इतकी तुटपुंजी आहे, की स्वतःच्या प्रती काढायला त्याला विभाजन पावत असलेली पेशीच लागते. जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक आठवड्यांत हृदयाच्या पेशी वेगाने वाढत असतात, म्हणून तेव्हा संसर्ग झाला तर मार तिथे बसतो. नंतर तो बसतो आतड्यावर आणि अस्थिमज्जेवर. आतड्याच्या अस्तराची रोज झीज होते आणि ती भरून काढणाऱ्या पेशी अस्तराच्या खोलगट खाचांमध्ये तयार होत असतात. विषाणू नेमका तो कारखाना बंद पाडतो. दोन-चार दिवसांत वरचं अस्तर गळून जातं, नवं येत नाही, आणि आतड्यातले जिवाणू उघड्या जखमेतून रक्तात उतरतात. त्यांच्याशी लढायच्या पांढऱ्या पेशीही त्याच वेळी घटलेल्या असतात. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं दगावतात. शिरेतून सलाईन, उलटीवर औषध आणि अँटिबायोटिक वेळेत सुरू झाले तर बहुतेक वाचतात.

विषाणू इतक्या झपाट्याने जगभर कसा पसरला? आजारी कुत्र्याच्या ग्रॅमभर विष्ठेत तो अब्जावारी असू शकतो आणि लक्षणं दिसायच्या आधीच बाहेर पडू लागतो. त्याच्यावर चरबीचं आवरण नाही, त्यामुळे अल्कोहोल, साबण किंवा नेहमीचं जंतुनाशक त्याला पुरत नाही. जमिनीत तो महिनोन्‌महिने टिकतो. बूट, गाडीचं चाक, पिंजरा, माणसाचा हात, काहीही त्याला चालतं. अमेरिकेत सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर कुत्री न्यायला बंदी आहे. तरीही १९८० मध्ये तिथे असलेले पन्नास लांडगे १९८२ मध्ये चौदावर आले, आणि या ऱ्हासामागे हाच विषाणू असल्याचं मानलं जातं. घरच्या सफाईत ब्लीचवर जो भर दिला जातो तो यामुळेच: आधी घाण पूर्ण काढायची, मग एक भाग साधं ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घाणीवरच ब्लीच ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो. फिनाइलच्या वासावर तर मुळीच विसंबू नये.

साथ सुरू झाली तेव्हा कुत्र्यांसाठी लस नव्हती. मग पशुवैद्यांनी मांजरांची पॅनल्युकोपेनियाची लसच कुत्र्यांना टोचली. नातं जवळचं असल्याने तिचा थोडाफार उपयोग झाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कारमायकल आणि मॅक्स अॅपल यांच्या गटाने कुत्र्यांच्या विषाणूपासूनच लस बनवली, आधी मारलेल्या आणि मग सौम्य केलेल्या जिवंत विषाणूची. एखाद्या नव्या आजारावर दोन-तीन वर्षांत चांगली लस हाती येणं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

तरीही लस घेतलेली पिल्लं मरत राहिली. कारण लसीत नव्हतं, आईत होतं. साथीतून वाचलेल्या किंवा लस घेतलेल्या माद्यांच्या रक्तात आता प्रतिपिंडं होती आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी चिकातून ती पिल्लांना मिळत होती. हृदयविकाराचं ते भयानक रूप जवळजवळ नाहीसं झालं ते यामुळेच, पहिले आठवडे पिल्लं झाकलेली राहू लागली. पण हीच प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही मारतात.

आकडे मांडले की पेच लगेच कळतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होतात. खरा विषाणू अडवायला प्रयोगशाळेच्या मोजपट्टीवर ढोबळपणे ८० ची पातळी लागते, लस मात्र २० च्या खाली गेल्याशिवाय नीट लागत नाही. एका पिल्लाला ६४० मिळाली असं धरू. तिसाव्या दिवशी ८० उरतात, पन्नासाव्या दिवशी २०. मधले वीसेक दिवस पिल्लू उघडं असतं: आजार होऊ शकतो, लस लागू शकत नाही. दुसऱ्या पिल्लाने १०,२४० मिळवली असतील तर त्याची हीच फट सत्तराव्या दिवसापासून नव्वदाव्या दिवसापर्यंत सरकते. एकाच विणीतली पिल्लं, कुणी चीक भरपूर प्यालं, कुणी ढकललं गेलं, त्यामुळे भावंडांच्या तारखाही जुळत नाहीत. कुठल्या पिल्लाची फट कधी हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस देत राहायचं, म्हणजे फट बंद होताच पुढचा डोस लागू पडतो. हे डोस एकावर एक चढवलेले मजले नाहीत. बहुतेक पिल्लांत त्यातला एकच खरा काम करतो, फक्त तो कोणता ते माहीत नसतं.

पूर्वी ही मालिका बाराव्या आठवड्याला, काही देशांत तर दहाव्यालाच संपवत. जास्त प्रतिपिंडं मिळालेली पिल्लं त्यात सुटून जात. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या २०१६ च्या सूचनांनी शेवटचा डोस सोळा आठवडे किंवा त्यानंतरच द्यायला सांगितलं आणि वर्षभराने द्यायचा बूस्टर सहा महिन्यांच्या वयाला आणायचा पर्यायही दिला. त्यापुढे तीन वर्षांतून एकदा पुरे.

दरम्यान विषाणूही बदलत गेला. १९८० च्या सुमारास आलेल्या २ए प्रकाराने मूळ प्रकाराला हटवलं आणि पुन्हा मांजरात शिरण्याची ताकद मिळवली. १९८४ मध्ये २बी, आणि २००० मध्ये इटलीत २सी सापडला. ‘नव्या स्ट्रेनवर जुनी लस चालत नाही’ ही कुजबुज तेव्हापासून अधूनमधून उठते. प्रयोगांत जुन्या लसींनी नव्या प्रकारांपासूनही संरक्षण दिलेलं आहे. लस घेऊन आजारी पडलेल्या पिल्लाचं कार्ड आधी नीट पाहावं, शेवटची तारीख बहुतेकदा सोळा आठवड्यांच्या अलीकडची निघते.

सोळा आठवडे पिल्लाला कोंडून ठेवण्याच्या सल्ल्यालाही पुढे मुरड पडली. माणसांची, आवाजांची सवय लागण्याचं वय साधारण तीन महिन्यांपर्यंतच असतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये स्पष्ट म्हटलं, की पहिल्या लसीनंतर किमान आठवड्याने, स्वच्छ जागेत आणि लस घेतलेल्या कुत्र्यांसोबत पिल्लाला मिसळू द्यावं. सार्वजनिक जमिनीवर मात्र ते कडेवरच बरं.

उपचारात मोठी भर पडली २०२३ मध्ये. पार्व्होवर थेट वार करणाऱ्या मोनोक्लोनल अँटीबॉडीच्या, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडाच्या, इंजेक्शनला अमेरिकेत सशर्त परवानगी मिळाली. आणि लस लागली की नाही हे आता रक्त तपासून कळू शकतं. शेवटच्या डोसनंतर किमान चार आठवड्यांनी ही चाचणी करतात. प्रतिपिंडं दिसली नाहीत तर आणखी एक डोस देऊन पुन्हा तपासतात. तरीही काही न दिसणारी पिल्लं हजारात एखादं, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांचं शरीर जन्मतःच या लसीला दाद देत नाही.