ओपन वॉटर डायव्हर प्रशिक्षण: पात्रता, कागदपत्रे आणि प्रवेशाची पद्धत

मालवण-तारकर्लीला पर्यटक प्रशिक्षकाच्या आधाराने जी छोटी बुडी मारतात, तिला प्रमाणपत्र लागत नाही. मात्र जोडीदारासह स्वतःच्या जबाबदारीवर 18 मीटरपर्यंत जायचे असेल, तर 'पाडी' या स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा ओपन वॉटर डायव्हर किंवा त्याच्या तोडीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो.

किमान वय 10 वर्षे आहे आणि 15 वर्षांखालील मुलांना ज्युनिअर प्रमाणपत्र मिळते. 200 मीटर न थांबता पोहणे आणि 10 मिनिटे पाण्यावर तरंगणे आवश्यक असते. पोहण्याला वेळेचे बंधन नसल्याने संथ पोहणाऱ्यांनी बिचकू नये.

केंद्रात ओळखपत्र, वयाचा पुरावा, जोखीम मान्य असल्याचे पत्र आणि आरोग्य प्रश्नावली द्यावी लागते. अठरा वर्षांखालील उमेदवारासाठी पालकांची स्वाक्षरीही लागते.

यांपैकी आरोग्य प्रश्नावली सर्वांत महत्त्वाची आहे. प्रवेश नाकारला जाईल या भीतीने अनेकजण जुना दमा, फिट, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया लपवतात, आणि ते जिवावर बेतू शकते. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथे घेतलेला श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसातील हवा दुप्पट फुगू पाहते. श्वासनलिका आकुंचन पावलेल्या माणसाला ती हवा बाहेर सोडणेच अवघड जाते. प्रश्नावलीतील उत्तरांवरून वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरल्यास डॉक्टरांची लेखी संमती मिळेपर्यंत पाण्यात उतरता येत नाही. ही तपासणी घरून निघण्यापूर्वीच करून घ्यावी.

प्रवेशानंतर आधी लेखी अभ्यास, मग पोहण्याच्या तलावातील सराव आणि शेवटी समुद्रातील चार बुड्या असा क्रम असतो. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर काढण्याचा सराव बहुतेकांना घाबरवतो. भीती वाटत असल्यास तो उथळ पाण्यात पुन्हा पुन्हा करून घेण्याचा आग्रह प्रशिक्षकाकडे धरावा. ठरलेल्या दिवसांत तो जमला नाही, तर समुद्रातील बुड्या पुढे ढकलाव्यात.

परतीचे तिकीट काढतानाही काळजी घ्यावी. अनेक दिवस बुड्या मारल्यावर विमानप्रवासापूर्वी किमान 18 तासांचे अंतर ठेवण्याची शिफारस आहे. उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने बुडीत शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून त्याच दिवशी आंबोली घाट चढणेही टाळावे.