अमेरिकेत निवृत्त होताय? दातांच्या विम्याचं आधी बघा

पासष्टी झाली, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा मिळाला, आता दवाखान्याची काळजी मिटली असं अनेकांना वाटतं. दातांच्या बाबतीत तसं होत नाही. मूळ मेडिकेअर, म्हणजे पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) आणि पार्ट बी (डॉक्टरांचा आणि बाह्य उपचारांचा विमा), नेहमीची तपासणी, सफाई, दात भरणं, दात काढणं, कवळी किंवा इम्प्लांट यांचा खर्च देत नाही. हृदयाची झडप बदलण्याआधी किंवा अवयव प्रत्यारोपणाआधी तोंडातला जंतुसंसर्ग काढावा लागला, तर अशा मोजक्या प्रसंगी ते पैसे देतं. जोडीला घेतलेल्या मेडिगॅप या खासगी पूरक विम्यामध्येही सहसा दात नसतात.

म्हणून निवृत्तीची तारीख ठरली की कंपनीच्या एचआरला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं ईमेलवर घ्या. डेंटल प्लॅन आरोग्य विम्यापासून वेगळा आहे का? तो नेमका कधी संपतो, कामाच्या शेवटच्या दिवशी की महिनाअखेरीस? निवृत्तांसाठी कंपनीची वेगळी डेंटल योजना आहे का? असल्यास ती नंतर घेता येते की आत्ताच घ्यावी लागते, हेही विचारून ठेवा.

तशी योजना नसेल तर कोब्रा आहे, म्हणजे नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा स्वखर्चाने काही काळ चालू ठेवू देणारा कायदा. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून निवृत्त होताना तुम्ही प्लॅनमध्ये असाल, तर तोच प्लॅन साधारण १८ महिने चालू ठेवता येतो. डेंटल वेगळा असेल तर आरोग्य विमा सोडून फक्त तोच घेता येतो, आणि नवरा-बायको आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेऊ शकतात. कोब्राची नोटीस टपालाने येते. जाहिरात समजून ती फेकू नका. नोटिशीची तारीख किंवा विमा संपल्याची तारीख, यांतली जी नंतरची असेल तिच्यापासून निवड कळवायला ६० दिवस मिळतात. त्यानंतर पहिला हप्ता भरायला ४५ दिवस. विमा मात्र खंड न पडता मागच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे मधल्या महिन्यांचे पैसेही भरावे लागतात. कंपनीचा वाटा आता तुमच्याकडे येतो आणि पूर्ण प्रीमियमच्या १०२ टक्क्यांपर्यंत आकारणी होऊ शकते. तरी एखादा रूट कॅनॉल आणि क्राउन अर्धवट असेल, तर मला हाच मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो.

इथे एक धोका आहे, आणि तो दातांपेक्षा मोठा आहे. कोब्रावर आरोग्य विमाही चालू ठेवला म्हणून पार्ट बी पुढे ढकलू नका. ६५ नंतरही नोकरी करत असाल, तर नोकरी किंवा तिचा विमा, यांतलं जे आधी संपेल तेव्हापासून पार्ट बीसाठी ८ महिने मिळतात. कोब्रामुळे ही मुदत वाढत नाही. उशीर झाला तर दंड पार्ट बीच्या प्रीमियमला कायमचा चिकटतो. या अर्जासाठी सीएमएस-४०बी हा फॉर्म तुम्ही भरायचा आणि सीएमएस-एल५६४ कंपनीकडून भरून घ्यायचा.

मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या बऱ्याच प्लॅनमध्ये डेंटल असतं. त्यासाठी पार्ट ए आणि बी दोन्ही हवेत आणि तुमचं घर त्या प्लॅनच्या क्षेत्रात हवं. एरवी निवड १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात करता येते. विमा १ जानेवारीला सुरू होतो. पण फक्त दातांसाठी हा प्लॅन घेऊ नका. त्यात तुमचे बाकीचे डॉक्टर आणि हॉस्पिटलही त्या प्लॅनच्या नेटवर्कशी, म्हणजे त्यांनी करार केलेल्या यादीशी, बांधले जातात.

स्वतंत्र डेंटल प्लॅन कधीही घेता येतो, पण क्राउन, ब्रिज, कवळीसारख्या मोठ्या कामांना अनेकदा ६ ते १२ महिने थांबावं लागतं. आधीचा विमा खंड न पडता चालू होता असं पत्र जुन्या विमा कंपनीकडून घेऊन जोडलं, तर काही प्लॅन ही अट माफ करतात. हे पत्र मागायला बहुतेक जण विसरतात. आधीच पडलेल्या दाताच्या जागी नवा बसवायचा असेल तर त्याबद्दलचं कलम वाचा; काही प्लॅन त्याचे पैसे देत नाहीत. वार्षिक कमाल मर्यादाही बघा. समजा महिना ४० डॉलर प्रीमियम आहे आणि मर्यादा १,००० डॉलर. म्हणजे वर्षाला ४८० भरून जास्तीत जास्त १,००० मिळणार. दात चांगले असतील तर तेवढे पैसे बाजूला ठेवणंही शहाणपणाचं ठरू शकतं. एचएसए या उपचारखर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात शिल्लक असेल, तर ६५ नंतरही दातांच्या उपचारांवर ती करमुक्त वापरता येते.

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरीतून पेन्शनवर जाणाऱ्यांचं सोपं आहे. फेडव्हिप या सरकारी कर्मचाऱ्यांच्या दात-डोळे विमा योजनेतला डेंटल प्लॅन निवृत्तीनंतरही चालू राहतो, आणि आरोग्य विम्याला असते तशी, निवृत्तीआधी पाच वर्षं विमा असण्याची अट याला नाही. आधी घेतला नसेल तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या ओपन सीझनमध्ये (नोंदणीच्या काळात) बेनफेड्स या संकेतस्थळावरून घेता येतो.

शेवटचा पगार व्हायच्या दोन-तीन महिने आधी डेंटिस्टकडे जाऊन एक्स-रे काढा, पुढच्या कामांची लेखी यादी घ्या आणि मोठ्या कामासाठी विमा किती देईल याचा अंदाज आधीच मागवा. कामं दोन असतील आणि मर्यादा कॅलेंडर वर्षाची असेल, तर एक डिसेंबरात आणि दुसरं जानेवारीत करून दोन वर्षांची मर्यादा वापरता येते. फक्त जानेवारीत तो विमा चालू असायला हवा.