पंचकोनाचं उत्तर वर्गमूळ पाच

कागदावर पाच बिंदू काढा आणि रेघांनी जोडून पंचकोन करा. आता असे बिंदू निवडा, की त्यांतले कोणतेही दोन रेघेने जोडलेले नसतील. दोनच निवडता येतात. तिसरा कुणाचा ना कुणाचा शेजारी निघतोच. बिंदू-रेघांच्या अशा जाळ्याला गणितात आलेख म्हणतात, आणि निवडता येणाऱ्या बिंदूंच्या कमाल संख्येला स्वतंत्रता अंक. पंचकोनाचा तो २.

१९५६ साली अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅननने याच पंचकोनातून संदेशवहनाचा प्रश्न मांडला. समजा, ० ते ४ अशी पाच चिन्हं पाठवता येतात, पण शेजारची चिन्हं एकमेकांसारखी ऐकू येऊ शकतात. ४ चा शेजारी ०. एकही चूक चालणार नसेल तर वापरायला दोनच चिन्हं उरतात. मग दोन-दोन चिन्हांचे शब्द केले तर चारच मिळतील असं वाटतं. पण ००, १२, २४, ३१, ४३ हे पाच शब्द बघा. यांतले कोणतेही दोन घ्या, निदान एका जागी त्यांची चिन्हं सारखीही नसतात आणि शेजारचीही नसतात. दोन चिन्हांत पाच शब्द, म्हणजे दर चिन्हामागे २ नव्हे, वर्गमूळ ५ पडले, सुमारे २.२३६! शब्द लांबवत नेल्यावर ही सरासरी जिथवर चढते, ती आलेखाची शॅनन क्षमता.

ती फार तर किती? बिंदू पूर्ण घ्यायचा किंवा पूर्ण सोडायचा, ही अट सैल करून प्रत्येक बिंदू अर्धा-अर्धा घेतला, तर कुठल्याही रेघेवर एकापेक्षा जास्त भार येत नाही आणि बेरीज २.५ होते. हा अपूर्णांकी स्वतंत्रता अंक. क्षमता त्याच्यावर जात नाही, एवढं शॅननला सिद्ध करता आलं. २.२३६ आणि २.५ यांच्यामधली फट वीस वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली.

१९७९ मध्ये हंगेरीच्या लास्लो लोवासने ती बुजवली, आणि ती युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पाच काड्यांची छत्री घ्या, काडी म्हणजे पंचकोनाचा बिंदू. शेजारी नसलेल्या काड्या एकमेकींशी काटकोनात येईपर्यंत ती उघडा. परस्परांशी काटकोनात असलेल्या काड्या कितीही घेतल्या, तरी दांड्याशी त्यांचे जे कोन होतात त्यांच्या कोसाइनच्या वर्गांची बेरीज १ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, हा पायथागोरसच. या छत्रीत प्रत्येक काडीचा तो वर्ग भरतो १ भागिले वर्गमूळ ५. म्हणून स्वतंत्र बिंदू वर्गमूळ ५ पेक्षा जास्त असूच शकत नाहीत. लांब शब्दांसाठी छत्र्यांचा गुणाकार करता येतो, त्यामुळे हीच मर्यादा क्षमतेलाही लागू पडते. उत्तर नेमकं वर्गमूळ ५.

कोणत्याही आलेखासाठी अशी सर्वोत्तम छत्री शोधली की मिळणाऱ्या संख्येला लोवासचा थीटा म्हणतात. मूळ स्वतंत्रता अंक काढणं संगणकालाही अतिशय अवघड आहे. १९७२ पासून तो एनपी-कठीण, म्हणजे ज्यांची झटपट रीत कुणालाच माहीत नाही अशा, प्रश्नांत गणला जातो. थीटा मात्र हवा तितका अचूक आणि झटपट काढता येतो. पूर्णांकांचा हट्ट सोडून प्रश्न भूमितीत नेला, की उत्तराची वरची मर्यादा तरी सहज मिळते!

सप्तकोनाला मात्र ही छत्री पुरलेली नाही. त्याचा स्वतंत्रता अंक ३, थीटा सुमारे ३.३१८. पाच-पाच चिन्हांचे ३६७ सुरक्षित शब्द २०१८ मध्ये सापडले, म्हणजे दर चिन्हामागे ३.२५ च्या थोडं पुढे. सप्तकोनाची नेमकी क्षमता यांच्यामध्ये कुठे आहे, हा प्रश्न अजून खुला आहे.