कोणती नोंद कोठे ठेवावी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

संगणकाच्या देखभालीसाठी किंवा बिलिंगच्या सॉफ्टवेअरसाठी आमच्याकडे येणारे ग्राहक अलीकडे हमखास विचारतात की, कामे लक्षात राहावीत म्हणून मोबाईलवर कोणते ॲप घ्यावे. आमचे सांगणे असे की, ॲप नंतर निवडावे; कोणती नोंद कोठे जाणार हे आधी ठरवावे. टॉवेलच्या ऑर्डरचा तपशील व्हॉट्सॲपवर, रंगाचा नंबर वहीच्या मागच्या पानावर, माल पाठवण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गोल करून आणि उधारी मालकांच्या डोक्यात, अशी स्थिती असलेल्या कारखान्यात मालक दोन दिवस परगावी गेले की काम अडते. तारीख कॅलेंडरमध्ये, करायचे काम यादीत, आकडे शीटमध्ये (रकान्यांच्या तक्त्यात) आणि कागदपत्रे ड्राइव्हमध्ये (इंटरनेटवरच्या कपाटात), एवढा नियम घरात आणि दुकानात सर्वांनी पाळला, तर गूगलची मोफत साधने बहुतेकांना पुरतात.

त्याआधी खात्याविषयी लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण सर्वांत मोठे नुकसान आम्ही तेथेच पाहिले आहे. आमच्या एका ग्राहकांची दोन वर्षांची येणी, व्यापाऱ्यांचे पत्ते आणि डिझाइनचे फोटो त्यांच्याकडे संगणक चालवणाऱ्या मुलाने स्वतःच्या जीमेल खात्यावर ठेवले होते. त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता; त्याला वेगळे खाते कोणी उघडून दिलेच नव्हते. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला आणि ती माहिती परत मिळवण्यात ऐन हंगाम गेला. तो संगणक आम्हीच बसवला होता आणि खाते कोणाच्या नावावर आहे हे आम्ही त्याच वेळी विचारायला हवे होते. आता प्रत्येक ठिकाणी विचारतो. व्यवसायाचे खाते मालकांच्या मोबाईल नंबरवर उघडावे, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर मोबाईलवरूनही खात्री करून घेण्याची सोय) चालू करावी आणि खाते परत मिळवण्यासाठीचा ईमेल घरातील दुसऱ्या विश्वासू व्यक्तीचा द्यावा. कामगारांना पासवर्ड देण्याची गरज नसते. त्यांच्या स्वतःच्या खात्याला हव्या त्या फाइलपुरता प्रवेश देता येतो आणि काम सुटल्यावर तो काढूनही घेता येतो. खाते उघडून तसेच पडू देऊ नये, कारण सलग २ वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल काढून टाकू शकते.

कॅलेंडरचा खरा उपयोग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखांसाठी होतो. पाण्याचेच उदाहरण घेऊ. आपल्या शहरात बहुतेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. आपल्याकडे ते चार दिवसांआड येत असेल, तर एकच नोंद करून ती दर ५ दिवसांनी येईल अशी लावावी, आदल्या रात्रीची सूचना ठेवावी आणि ‘घर’ नावाचे स्वतंत्र कॅलेंडर करून ते घरातील सर्वांच्या मोबाईलवर दिसेल असे करावे. वेळापत्रक एक दिवस पुढे सरकले, तर त्या दिवसाची नोंद उघडून तारीख बदलावी आणि बदल कशाला लागू करायचा असे विचारले जाईल तेव्हा ही व यापुढच्या सर्व नोंदी हा पर्याय निवडावा. तेवढी एकच नोंद बदलली, तर पुढच्या सगळ्या तारखा चुकतात आणि मग घरातील मंडळी कॅलेंडर पाहणेच सोडून देतात. दरमहा जीएसटीची विवरणपत्रे भरणाऱ्यांनी जीएसटीआर-१ साठी ११ आणि जीएसटीआर-३बी साठी २० ही तारीख अशीच लावून ठेवावी. सूचना मात्र तीन दिवस आधीची असावी, कारण बिले गोळा करण्यातच एक दिवस जातो. तिथीने येणाऱ्या गोष्टींना वार्षिक पुनरावृत्ती लावू नये. आषाढी एकादशी किंवा वडिलांचे श्राद्ध दरवर्षी निराळ्या तारखेला येते, त्यामुळे नव्या वर्षाचे पंचांग हाती आले की या नोंदी एका बैठकीत हाताने करून घ्याव्यात.

एका वेळी पाच-सहा ऑर्डरी चालू असतील, तर यादी पुरत नाही, फलक लागतो. जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात ‘कानबान’ नावाची पद्धत रुजली, तिच्यात प्रत्येक कामासोबत एक पत्रक असते आणि काम कोठे आहे ते त्यावरून कळते. २०११ साली आलेले ट्रेलो हे साधन त्याच कल्पनेवर चालते. टॉवेलच्या कारखान्यासाठी आम्ही ‘सूत आले’, ‘रंगाई’, ‘बीम’ (ताण्याचे सूत रुळावर गुंडाळणे), ‘माग’, ‘शिलाई’, ‘पॅकिंग’ आणि ‘रवाना’ असे रकाने करून देतो. प्रत्येक ऑर्डरचे एक कार्ड असते, त्यावर व्यापाऱ्याचे नाव, डझन, रंग आणि नमुन्याचा फोटो असतो आणि टप्पा पूर्ण झाला की कार्ड बोटाने पुढच्या रकान्यात सरकवायचे असते. मागावर चार कार्डे साचली आणि शिलाईचा रकाना रिकामा दिसला, तर अडचण कोठे आहे हे मालकांना फोन न करता समजते. कार्डावरचा मजकूर मराठीतच हवा असे नाही. तेलुगू किंवा कन्नड सोयीची असणाऱ्या कारागिरांनी आपल्या भाषेत बोलून टाइप केले तरी चालते. एकट्याने दुकान चालवणाऱ्यांनी मात्र या फलकाच्या मागे लागू नये. त्यांच्यासाठी गूगल कीप या टिपणे ठेवण्याच्या ॲपमधील खुणा करण्याची यादी पुरेशी आहे.

उधारीची शीट इतरांना देताना ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय कधीही निवडू नये, कारण ती लिंक पुढे कोणाकोणाकडे जाईल यावर आपला ताबा राहत नाही. ज्यांनी आकडे केवळ पाहायचे आहेत त्यांना पाहण्यापुरताच अधिकार द्यावा. एखादा आकडा चुकून पुसला गेला, तर घाबरू नये. शीटमध्ये आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास जपलेला असतो आणि तेथून जुनी प्रत परत आणता येते.

मोफत खात्याला मिळणारी १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असते. अँड्रॉइड मोबाईलवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजला जातो आणि जागा भरली की जीमेलवर नवे मेल येणे थांबते. व्यापाऱ्याचा ऑर्डरचा मेल त्यात अडकू नये म्हणून व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळावेत.

ही मांडणी आमच्याकडून करून घ्यायची असल्यास येताना मालकांनी स्वतः यावे, खात्याशी जोडायचा मोबाईल सोबत आणावा आणि चालू ऑर्डरींची वहीही आणावी. पासवर्ड आपणच ठरवून आपल्या हाताने टाकावा. मोबाईलवर आलेला ओटीपी आमच्या माणसांनाही सांगू नये.