दोन एमेलिन: पँकहर्स्ट कोण आणि पेथिक-लॉरेन्स कोण

८ मार्च जवळ आला की तेच परत फिरायला लागतं, एमेलिन पँकहर्स्टने इंग्लंडमधल्या बायकांना मताचा हक्क मिळवून दिला आणि पहिल्या महायुद्धात शांततेसाठी काम केलं. पहिलं अर्धं ठीक आहे, दुसरं साफ चूक. शांततेसाठी झटली ती दुसरी एमेलिन, पेथिक-लॉरेन्स, आणि तिचं काम असं पँकहर्स्टच्या खात्यात जमा झालेलं बघून मला दरवेळी मनापासून वाईट वाटतं.

पँकहर्स्टबाई तुम्हाला माहीतच आहेत. मँचेस्टर, १९०३ ला काढलेली डब्ल्यूएसपीयू ही बायकांच्या मतहक्कासाठी लढणारी संघटना, फोडलेल्या काचा, तुरुंग, उपोषणं. पुढे जाऊ. पेथिक-लॉरेन्सबाई १९०६ ला त्याच संघटनेच्या खजिनदार झाल्या, आंदोलनाचे ते जांभळा-पांढरा-हिरवा रंग त्यांनीच १९०८ ला ठरवले, नवऱ्याबरोबर 'व्होट्स फॉर विमेन' हा पेपर चालवला. १९१२ ला नवराबायको दोघांना नऊ-नऊ महिन्यांची शिक्षा झाली, उपोषण केलं तर नळी घालून जबरदस्तीने अन्न ढकललं, आणि सुटून आल्यावर, जाळपोळीपर्यंत जायला नको असं म्हणाले म्हणून पँकहर्स्टबाईंनी ऑक्टोबरमध्ये दोघांनाही संघटनेबाहेर काढलं.

पण खरा घोळ होतो तो ऑगस्ट १९१४ नंतरचा, म्हणून इथे नीट बघा.

युद्ध सुरू झालं तशी पँकहर्स्टबाईंनी मतहक्काची लढाई थांबवली आणि सैन्यभरतीसाठी भाषणं द्यायला लागल्या. संघटनेच्या 'सफ्रजेट' पेपरचं नाव १९१५ ला बदलून 'ब्रिटानिया' झालं. १९१७ ला त्या थेट रशियात गेल्या, कशासाठी तर रशियाने युद्ध सोडू नये म्हणून. त्यांच्या मुली सिल्व्हिया आणि अ‍ॅडेला मात्र युद्धाच्या विरोधात होत्या, आणि मला वाटतं मुलींचं मत आईला चिकटवण्यातूनच हा गोंधळ वाढलाय.

पेथिक-लॉरेन्सबाई त्याच वेळी अमेरिकेत युद्ध थांबवा म्हणून सभा घेत होत्या. एप्रिल १९१५ मध्ये अमेरिकेतल्या समाजसेविका जेन अ‍ॅडम्स आणि बाकी अमेरिकन बायकांसोबत त्या 'नूरडॅम' बोटीने नेदरलँड्समधल्या हेगला, युद्ध थांबवण्यासाठी भरलेल्या महिला परिषदेला निघाल्या. डेकवर काढलेला फोटो आहे, सगळ्याजणींच्या हातात एक लांबलचक कापड आणि त्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द, पीस, म्हणजे शांतता. ब्रिटिशांनी ही बोट डोव्हरजवळ कित्येक दिवस अडवून ठेवली. तिकडे इंग्लंडमधून जवळपास १८० जणींना यायचं होतं, सरकारने फक्त २४ जणींना परवानगी दिली आणि मग उत्तर समुद्रातली वाहतूकच बंद केली, त्यामुळे त्यातली एकही पोचली नाही. हजारावर बायका जमल्या त्या परिषदेत ब्रिटनच्या मोजून तीन, आधीच हेगला गेलेल्या क्रिस्टल मॅकमिलन आणि कॅथलीन कोर्टनी, आणि अमेरिकेहून आलेल्या पेथिक-लॉरेन्सबाई. त्या दिवसांत स्वतःच्या देशाच्या सरकारविरुद्ध जाऊन तिथे बसणं ही माझ्या मते काचा फोडण्यापेक्षा जास्त हिमतीची गोष्ट होती.

डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत पण फरक उघड दिसतो. पेथिक-लॉरेन्सबाई मँचेस्टरच्या रशोममधून लेबर पक्षाच्या उमेदवार, पँकहर्स्टबाई स्मेथविकमध्ये मुलगी क्रिस्टाबेलच्या प्रचारात. पेथिक-लॉरेन्सबाई आणि क्रिस्टाबेल, उमेदवार दोघीही पडल्या.

आता एक छोटी पण मला फार खटकणारी गोष्ट, आडनाव. १९४६ ला त्रिमंत्री योजना घेऊन भारतात आलेले भारतमंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स शाळेपासून आपल्याला पाठ आहेत, ते पेथिक-लॉरेन्सबाईंचेच यजमान. पण ते जन्माने नुसते लॉरेन्स. १९०१ ला लग्न झालं तेव्हा दोघांनीही दोन्ही आडनावं जोडून घेतली. म्हणून नोट्समध्ये नुसतं 'लॉरेन्स' लिहून मोकळे होऊ नका, गाळलेलं 'पेथिक' हे एमेलिनचं माहेरचं नाव आहे.