शिरगणतीचे कागद न ठेवणाऱ्या देशात पूर्वजांचा शोध

ऑस्ट्रेलियातल्या कुलशोधकांच्या संमेलनाला गेलं, की पहिल्या चहाच्या सुट्टीतच एक गोष्ट ध्यानात येते. इथे कुणी कुणाला "तुम्ही काय करता?" असं विचारत नाही. "तुमची आडनावं कुठली?" असं विचारतात. आडनावं म्हणजे शोधात असलेली. काही ठिकाणी दाराशी मोठा फळा ठेवलेला असतो. त्यावर आडनाव, गाव आणि अंदाजे साल लिहून चिठ्ठी टाचायची. नशीब चांगलं असेल तर दुपारपर्यंत त्या चिठ्ठीखाली कुणीतरी आपला फोन नंबर लिहून गेलेलं असतं. जमलेले बहुतेक साठीच्या पुढचे असतात. कुणी शाळामास्तर होतं, कुणी नर्स, कुणी रेल्वेत. आणि पोस्टातून निवृत्त झालेला माणूस जहाजांच्या याद्यांवर तासभर असं बोलतो, की सभागृह हलत नाही.

हे पाहून वाटावं, की या देशाला पूर्वजांचं वेड पहिल्यापासूनच असणार. तसं मुळीच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या कितीतरी घरांत पणजोबांचं नाव काढायची चोरी होती.

26 जानेवारी 1788 रोजी ब्रिटनमधून कैदी घेऊन आलेल्या 11 जहाजांचा पहिला तांडा सिडनी कोव्हमध्ये नांगरला. कैद्यांचं शेवटचं जहाज पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमँटलला लागलं ते जानेवारी 1868मध्ये. या 80 वर्षांत 1 लाख 60 हजारांहून जास्त कैदी, मुख्यतः ब्रिटन आणि आयर्लंडमधून, इथे आणून सोडले गेले. शिक्षा संपली तरी परतीचं भाडं देणार कोण? बहुतेक जण इथेच राहिले. मुलांनी जमिनी कसल्या, नातवंडं प्रतिष्ठित झाली, आणि मग मागचं झाकायची वेळ आली. 'कैद्याचा डाग' हा शब्द इथल्या भाषेत रुजला तो तेव्हा. व्हॅन डिमेन्स लँड या बेटाने तर 1856मध्ये नावच बदलून टास्मानिया केलं, कारण जुन्या नावाला कैदखान्याचा वास येत होता. घरोघरी कहाण्या तयार झाल्या: आजोबा खलाशी होते, आजोबा सोन्याच्या शोधात आले. 1938मध्ये सिडनीत वसाहतीची 150 वर्षं साजरी झाली, तेव्हाच्या मिरवणुकीतून कैदीच वगळले होते. ज्यांच्या हातांनी रस्ते आणि पूल झाले, त्यांनाच तिथे जागा नव्हती. त्याच दिवशी, त्याच शहरात, आदिवासींनी सभा भरवून शोकदिन पाळला.

या वातावरणात 1932मध्ये सिडनीत सोसायटी ऑफ ऑस्ट्रेलियन जीनिऑलॉजिस्ट्स स्थापन झाली. मेलबर्नची जीनिऑलॉजिकल सोसायटी ऑफ व्हिक्टोरिया 1941ची. सुरुवातीचा ओढा पहिल्या 'पायोनियर' घराण्यांकडे आणि राजचिन्हांकडे होता. कॅनबेरात 1964मध्ये निघालेल्या संस्थेच्या नावात वंशावळीच्याही आधी राजचिन्हशास्त्र, म्हणजे हेराल्ड्री, होतं. आपलं घराणं कुणा सरदाराशी जोडता येतं का, याची ती ओढ होती.

वारं फिरलं ते साठ-सत्तरच्या दशकांत. 1968मध्ये पहिल्या तांड्यातून आलेल्यांच्या वंशजांनी आपली संघटना काढली. आम्ही त्या जहाजांतून आलेल्यांची लेकरं, असं उघडपणे सांगणारी! 1977च्या ईस्टरला मेलबर्नमध्ये वंशशास्त्राची पहिली ऑस्ट्रेलेशियन काँग्रेस भरली. तिथल्या उत्साहातून पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संस्थांचा महासंघ उभा राहिला. तेव्हापासून ही काँग्रेस साधारण दर तीन वर्षांनी गाव बदलत भरत आली. 2012ला अ‍ॅडलेड, 2015ला कॅनबेरा, 2018ला सिडनी. 1988च्या द्विशताब्दीने तर लाटच आणली. कैदी पूर्वज सापडणं ही आता लपवायची गोष्ट राहिली नव्हती, लोक तो मिरवू लागले.

मेरी वेडची हकिकत हा बदल नीट दाखवते. लंडनच्या रस्त्यांवर झाडू मारून भीक मागणारी, अवघ्या 11 वर्षांची ही पोर. तिने आणि तिच्या मैत्रिणीने आपल्याहून लहान मुलीच्या अंगावरचे कपडे काढून घेतले. जानेवारी 1789मध्ये ओल्ड बेली न्यायालयाने तिला फाशी सुनावली, पुढे ती काळ्या पाण्यावर बदलली. जून 1790मध्ये 'लेडी ज्युलियाना' या बायका-कैद्यांच्या जहाजातून ती सिडनीला पोचली. पुढे नॉरफोक बेट, मग सिडनीच्या दक्षिणेला इलावाराच्या किनाऱ्यावर संसार. 1859मध्ये ती गेली तेव्हा तिचे 300हून अधिक वंशज हयात होते. पंतप्रधान झालेले केव्हिन रड हे त्यांच्याच वंशातले. ही गोष्ट वर्तमानपत्रांनी कौतुकाने छापली. पन्नास वर्षं आधी कुठल्या पंतप्रधानाला ती परवडली असती, असं मला वाटत नाही.

पण डाग पुसला गेला म्हणून पूर्वज आपोआप सापडत नाहीत. त्याला कागद लागतो, आणि इथेच या देशाची अडचण आहे. इंग्लंडचा कुलशोधक दर दहा वर्षांची शिरगणती उघडतो आणि अख्खं कुटुंब घरच्या पत्त्यासकट समोर बघतो. ऑस्ट्रेलियाने शिरगणती केली, आकडे काढले आणि माणसांच्या नावांचे कागद नष्ट केले. कुणाची खासगी माहिती फुटू नये हा त्यामागचा हेतू होता. न्यू साउथ वेल्सच्या 1881च्या शिरगणतीवर तर आगच आली. सिडनीच्या बोटॅनिक गार्डनमधला प्रचंड लाकडी गार्डन पॅलेस 22 सप्टेंबर 1882च्या पहाटे जळाला, आणि त्यात ठेवलेले ते कागदही गेले. जे थोडं वाचलं त्यात 1828ची शिरगणती सोन्यासारखी. नाव, वय, जहाज, साल, शिक्षा, धर्म, धंदा, कुणाकडे चाकरी, किती एकर, किती गुरं. आणि प्रत्येक नावापुढे दोन अक्षरं: मोकळा आलेला, वसाहतीत जन्मलेला, शिक्षा भोगून सुटलेला, सशर्त माफी मिळालेला. त्या दोन अक्षरांत माणसाची समाजातली जागा ठरलेली असे.

शिरगणतीची उणीव ज्याने भरून काढली, तो कागद म्हणजे मृत्यूचा दाखला. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद टास्मानियात 1838मध्ये सुरू झाली, व्हिक्टोरियात 1853मध्ये, न्यू साउथ वेल्समध्ये 1856मध्ये. व्हिक्टोरियाच्या नोंदणी खात्यातले विल्यम हेन्री आर्चर आकडेवारीचे पक्के भक्त होते. त्यांनी नमुनाच असा आखला, की एका माणसाच्या मरणात तीन पिढ्या मावाव्यात. त्या काळच्या इंग्लंडच्या दाखल्यावर मृताच्या आईबापांचं नावसुद्धा नसे. इथल्या दाखल्यावर बापाचं नाव आणि धंदा, आईचं माहेरचं आडनाव, जन्म कुठल्या गावचा, वसाहतीत किती वर्षं, लग्न कुठे झालं, कितव्या वर्षी, कुणाशी, मुलं कोणकोणती आणि किती वयाची, पुरलं कुठे, साक्षीला कोण, असं सगळं. कुणी मेलेलं मूल असेल तर तेही मोजलेलं. मी पहिल्यांदा असा दाखला हातात घेतला तेव्हा 'तीन मुलगे मृत' या शब्दांवर बराच वेळ अडकून बसलो होतो. मात्र हे सारं सांगणारा जो कुणी असे, जावई किंवा शेजारी, त्याला जेवढं ठाऊक तेवढंच खरं. आयर्लंडमधल्या सासूचं माहेरचं आडनाव जावयाने चुकीचं सांगितलं, आणि पणतवंडं दोन पिढ्या भलत्याच घराण्यामागे फिरली, असं वारंवार घडतं.

आणखी एक अडचण अंतराची होती. कैद्यांचे खटले, जहाजांची कागदपत्रं, लष्कराच्या नोंदी, मूळ सगळं लंडनला. 1948मध्ये ऑस्ट्रेलियन जॉइंट कॉपीइंग प्रोजेक्ट सुरू झाला, आणि ब्रिटनमधल्या दफ्तरांतलं ऑस्ट्रेलियासंबंधीचं जे मिळेल ते मायक्रोफिल्मवर उतरवायचं काम 1997पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, चाललं. 10 हजारांहून जास्त रिळं झाली. आता ती घरबसल्या पाहता येतात, पण अंधाऱ्या खोलीत हँडल फिरवत रीळ पुढे नेणारी पिढी अजून संमेलनांत भेटते आणि त्या मशीनच्या आवाजाबद्दल मायेने बोलते.

तरीही माझ्या मते या सगळ्याचा कणा सरकारी दफ्तर नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गावोगावी निघालेल्या लहान लहान संस्था हा खरा कणा. शनिवारी डबा घेऊन स्मशानात जायचं, ओल्या फडक्याने दगड पुसायचा, तिरप्या उन्हात अक्षरं वाचायची आणि वहीत उतरवायची. अशी शेकडो स्मशानं लोकांनी हातांनी उतरवली. चर्चच्या नोंदी, शाळेचे पट, इस्पितळाची रजिस्टरं, स्थानिक वर्तमानपत्रातले मृत्युलेख, सगळ्याच्या सूच्या केल्या. अमुक सालाआधी या भागात वस्तीला आलेल्यांची 'पायोनियर रजिस्टर' छापली. सिडनीतून सुरू झालेला रायर्सन इंडेक्स ही वर्तमानपत्रांतल्या मृत्यूच्या जाहिरातींची प्रचंड सूची. ती आजही स्वयंसेवकच चालवतात.

न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेरा परिसरातल्या संस्थांचं वार्षिक संमेलन दर वर्षी वेगळ्या गावात भरतं, त्यामागचं कारण हेच आहे. यजमान संस्था आपल्या कपाटांची दारं उघडते. अशाच एका संमेलनात एका टेबलावर बुटांच्या खोक्यांत हाताने लिहिलेली कार्डं रचून ठेवली होती, आडनावाप्रमाणे. मागे बसलेल्या आजी ऐंशीच्या घरातल्या. मी एका मित्रासाठी त्याच्या खापरपणजीचं आडनाव विचारलं. त्यांनी खोक्याला हातही न लावता सांगितलं, "ते घर दुधाच्या कारखान्यामागे होतं. त्यांच्यात दोन भाऊ होते, दोघांची नावं एकच ठेवलेली, कारण थोरला तान्हा असतानाच गेला." मग कार्ड काढलं. दोन जन्म, एक नाव. मित्र कितीतरी वर्षं दोघांना एकच माणूस समजत होता. हे कुठल्या संगणकावर सापडलं असतं, सांगता येत नाही.

संगणकाचं ऋण मात्र मोठं आहे. नॅशनल लायब्ररीने 2008मध्ये जुनी वर्तमानपत्रं शोधण्यासाठी खुली केली, पुढच्या वर्षी त्याचंच 'ट्रोव्ह' झालं. कुठे बैल हरवला, कुणावर शेजाऱ्याने फिर्याद केली, कुणाच्या लग्नात नवरीने काय नेसलं होतं, सारं त्यात. पुसट छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून हजारो लोक घरी बसून ओळीओळीने चुका सुधारतात, फुकट. निधीअभावी ट्रोव्ह बंद पडेल अशी वेळ आली, तेव्हा आरडाओरडा करण्यात कुलशोधक पुढे होते. एप्रिल 2023मध्ये सरकारने चार वर्षांसाठी 3 कोटी 30 लाख डॉलर मंजूर केले.

'इथले पूर्वज' म्हटलं, की ज्यांचे पूर्वज 1788च्या कितीतरी आधीपासून इथेच आहेत त्यांच्याबद्दल बोलावंच लागतं. सरकारने आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्या घरांत वाढवली, अनेकांची नावंसुद्धा बदलली. त्यांच्यासाठी वंशावळ हा छंद नसतो, ते आई शोधत असतात. कोरल एडवर्ड्स आणि पीटर रीड यांनी 1980मध्ये लिंक-अप ही संस्था याच कामासाठी सुरू केली. अशा तोडलेल्या मुलांच्या, म्हणजे 'चोरलेल्या पिढ्यां'बद्दलचा राष्ट्रीय अहवाल 1997चा. नॉर्मन टिंडेल या मानववंशशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात मिशनवस्त्यांवर फिरून आदिवासी कुटुंबांच्या वंशावळी लिहिल्या आणि फोटो काढले. ज्यांचे फोटो निघाले त्यांचं मन कुणी विचारलं नव्हतं. आज त्यांचीच नातवंडं अ‍ॅडलेडच्या संग्रहालयाकडून आजीचा तो फोटो मागून घेतात. आधीच्या पिढ्यांच्या संमेलनांत हा विषय जवळजवळ नसेच. तो कार्यक्रमपत्रिकेवर उशिरा आला, आणि अजून त्याला हवा तेवढा वेळ मिळत नाही.

मराठी मुलखाचाही या शोधात एक धागा आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती 18व्या शतकापासून लंडनला जात होत्या. हिंदुस्थानात कोर्ट मार्शल झालेल्या काही गोऱ्या सैनिकांना न्यू साउथ वेल्सला हद्दपार केलं जाई. ऑगस्ट 1947मध्ये 'मनूरा' हे जहाज मुंबईहून 700हून अधिक प्रवासी घेऊन पर्थजवळच्या फ्रीमँटलला पोचलं, त्यात बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. म्हणून पर्थच्या एखाद्या बाईंच्या चिठ्ठीवर भुसावळ किंवा खडकी लिहिलेलं दिसलं, तर नवल वाटायला नको. अशी चिठ्ठी दिसली, की मी हातातला चहा ठेवून आधी तिकडे जातो.

शिरगणतीचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. नव्वदच्या दशकात कुलशोधकांनी आणि इतिहासकारांनी संसदेपुढे आग्रह धरला, की निदान आता तरी नावं ठेवा. 1998मध्ये संसदीय समितीने तशी शिफारस केली. 2001च्या शिरगणतीत पहिल्यांदा प्रत्येकाला विचारलं गेलं: तुमची माहिती 99 वर्षं राष्ट्रीय अभिलेखागारात बंद ठेवून मग खुली करायची का? 52.7 टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. ती माहिती 2100 साली उघडेल. मी ओळखतो त्या प्रत्येक कुलशोधकाने तेव्हा 'हो'वर खूण केली होती, आणि घरातल्या बाकीच्यांकडूनही करून घेतली होती.