वीतभर पाण्यासाठी बत्तीस हजार

भाचा चाळीसगावहून आला तो फोनवर फोटो उघडूनच. चकचकीत अॅल्युमिनियमचा पाइप, टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर, किंमत बत्तीस हजार. "मामा, दहा-बारा घोडे वाढतात म्हणे." गाडी त्याची साधी, १.२ लिटर पेट्रोल, कंपनीनेच ८०-८५ अश्वशक्ती सांगितलेली. त्याच्या जळगावच्या मित्राने मे महिन्यात असाच इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइप आणि फिल्टर, बसवला होता, आणि जुलैत तो शपथेवर सांगत होता की गाडी वेगळीच पळते.

विकणाऱ्याचा मूळ मुद्दा खोटा नाही. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत आपल्या मापाइतकी हवा ओढतं. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला ६००० फेऱ्या) पूर्ण दाबलं तर सेकंदाला ६० लिटरच्या आसपास, म्हणजे आंघोळीच्या तीन बादल्या हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. हवा जास्त मिळाली तर पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. प्रश्न एवढाच, की कंपनीचा डबा आणि कागदी फिल्टर यातली किती हवा अडवून धरतात? जेवढी अडते तेवढीच फार तर परत मिळणार.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्याकडे घराचं काम चालू होतं, गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी मागून घेतली. ओळखीच्या मेकॅनिकने फिल्टरच्या पुढच्या रबरी होजवरचा ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ मोकळी करणारा) बारीक पाइप काढून त्याला बूच मारलं आणि त्या तोंडाला नळी जोडली. दुसरं टोक खिडकीतून आत, मध्ये नळीला यू आकार देऊन एका पाटीवर बांधली, त्यात कुंकू घातलेलं पाणी. (पाण्याच्या वर दोन्ही बाजूंना हातभर नळी मोकळी ठेवावी. इंजिनाने पाणी पिऊ नये.) वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे १०.३ मीटर पाण्याचा स्तंभ. तेव्हा दोन पातळ्यांत १० सेंटिमीटर फरक पडला तर फिल्टर आणि डबा मिळून साधारण एक टक्का दाब खातात, इतका सोपा हिशोब.

पारोळ्याच्या पुढे, सकाळी सहाला, रस्ता मोकळा असताना दुसऱ्या गिअरमध्ये शेवटपर्यंत दाबली. भाचा मागे पाटी धरून. पाणी हललं, पण फरक वीतभरही झाला नाही. म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. फिल्टर, डबा, पाइप सगळं काढून फेकलं तरी दीड-दोन अश्वशक्तीच्या वर काही हाती लागणार नाही, आणि नवा फिल्टरही थोडं अडवणारच. एसीचा कंप्रेसर याहून जास्त ताकद खातो. आता मे महिन्यात भुसावळला एसी बंद करून दाखवणारा माईचा लाल कोण, ते सोडा.

परत येताना ऐंशीच्या संथ चालीत पाणी जेमतेम बोटभर हललं. याचं कारण थ्रॉटल. पेट्रोल गाडीत आपण पायाने हवेची झडपच कमी-जास्त करत असतो. संथ चालीत ती झडप अर्धीअधिक बंद असते आणि तिच्यापुढे फिल्टरची अडवणूक म्हणजे किस झाड की पत्ती. मायलेज वाढेल ही आशाही म्हणूनच फोल. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने मुद्दाम फिल्टर चोंदवून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, पिकअप तेवढा मंदावला. हवा कमी आली की इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, पेट्रोलही कमी सोडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना हे कळत नसे, त्यामुळे फिल्टर बदला, अॅव्हरेज सुधारेल हा आपल्या काकांचा सल्ला त्यांच्या गाडीपुरता बरोबर होता.

आता मित्राची शपथ. खान्देशात हवेचा खरा खेळ तापमानाचा आहे. हवा तापली की विरळ होते, आपल्याकडच्या तापमानात दर तीन अंशांना साधारण एक टक्का. मेच्या दुपारी ४४ अंश आणि जुलैत पाऊस पडून २८ झालं, की त्याच लिटरभर हवेत जवळपास पाच टक्के जास्त माल येतो. पावसाळी हवेतली वाफ त्यातला थोडा परत घेते, तरी चारेक टक्के उरतातच. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत तर मेच्या दुपारपेक्षा दहा टक्के जास्त. शिवाय तापलेल्या हवेत नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून बसणारे ठोके) होऊ नये म्हणून इसीयू ठिणगीची वेळही मागे घेतो. मित्राने इनटेक मेमध्ये बसवला, गाडी मात्र मान्सूनने पळवली.

उलट त्याच्या इनटेकने नुकसानच केलं असण्याची शक्यता आहे. कंपनीचा पाइप सहसा ग्रिलमागून किंवा फेंडरमधून बाहेरची हवा घेतो. हा उघडा शंकू बॉनेटच्या आत, इंजिनाच्या उबेत बसलेला. फाटकावर दहा मिनिटं थांबलात तर तिथे बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त सहज. नावाला कोल्ड एअर इनटेक, थंड हवेचा.

मग गाडी पळाल्यासारखी का वाटते? कानामुळे. कंपनीच्या डब्यात आवाज शोषणारी पोकळी असते, ती गेली की इंजिन गुरगुरतं. आमच्या मेकॅनिकचं अहिराणी निदान एका ओळीचं: "आवाज वाढना भो, गाडी तीच शे."

टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) असलेली पेट्रोल गाडी असेल, इसीयूची आज्ञावली बदलून, म्हणजे रिमॅप करून, त्या पंख्याचा दाब (बूस्ट) वाढवला असेल, तर हवेचा ओघ वाढतो आणि ओघ दुप्पट झाला की अडवणूक जवळपास चौपट होते. तिथे बंद डब्याचा, बाहेरून हवा घेणारा चांगला इनटेक कामाचा ठरू शकतो. पण आधी नळी लावून बघावी. साध्या डिझेलमध्ये हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त असते, तिथे नुसता इनटेक बदलून काहीच होत नाही.

राहिली धूळ. कपाशीच्या दिवसांत आपल्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागून जाऊन पाहा. त्या धुळीतले वाळूचे बारीक कण सिलिंडर आणि रिंगांना कानशीसारखे घासतात. कागदी फिल्टरची गंमत अशी, की थोडी धूळ बसल्यावर तो अधिक बारीक गाळतो. तेल लावलेल्या जाळीदार कापडाचा फिल्टर हवा मोकळी सोडतो, आणि सहसा धूळही. त्यात तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवेचं वजन मोजणारी तापती तार असते तिच्यावर ते जाऊन बसतं.

मित्र गाडी घेऊन आला तेव्हा मेकॅनिकने त्याचा चकचकीत पाइप काढला आणि आत, फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला, बोट फिरवलं. बोटावर पिठासारखी तांबूस पूड. भाच्याने ते बोट पाहिलं, काही बोलला नाही. स्वतःच्या गाडीचा जुना फिल्टर काढून तीन-चारशेचा नवा कागदी बसवला. संध्याकाळी जेवताना त्याने विचारलं, "मामा, टायर कुठले चांगले?"